दोन कळांच्या मधली जागा

आमच्या अप्पांची निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत ती त्यांच्याबरोबर शेतात जाते. एका बाजूला वेचणाऱ्या बायांची नावे आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येकीने वेचलेल्या कापसाचे किलो, असा तिचा सरळ हिशेब. त्या वहीतल्या एका पानावर मात्र कोणाचेही नाव नाही. तेथे नुसत्या वेळा लिहिलेल्या आहेत, एकीखाली एक : २.१०, २.३२, २.५१, ३.१४. वैशाखातल्या एका पहाटेच्या या वेळा आहेत, आणि त्या वेळी आलेल्या कळा माझ्या आहेत.

पहिले बाळंतपण माहेरी, हा आमच्या खानदेशातला न लिहिलेला कायदा आहे. लग्नानंतर मी सुरतेत, उधना भागात राहते. धुळे, नंदुरबार, जळगावकडून गेलेली घरे तेथे इतकी आहेत की गल्लीत अहिराणी कानावर पडली नाही असा दिवस जात नाही. तरीही बाळंतपणाला बोरी नदीकाठच्या आमच्या गावीच यायचे, हे लग्न ठरले त्या दिवशीच ठरून गेले होते. सातवा संपता संपता नवरा मला सुरत-भुसावळ गाडीने आणून सोडून गेला. डॉक्टरांनी दिलेली तारीख आखाजीनंतरच्या आठवड्यातली होती.

अक्षय्य तृतीया इतरत्र साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून सोनेखरेदीचा दिवस असेल. खानदेशात ती आखाजी आहे आणि ती सासुरवाशिणींची आहे. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, घरोघर सांजोऱ्या तळल्याचा वास दरवळतो. यंदा झोक्यावर चढायला मला अर्थातच बंदी होती. सुजलेले पाय पुढे पसरून मी ओट्यावर बसले होते आणि माझ्याभोवती आत्या, मावश्या, चुलत बहिणी, शेजारच्या वहिनी असा आठ-नऊ जणींचा घोळका जमला होता. त्या सगळ्यांची मिळून वीस-बावीस बाळंतपणे सहज झाली असतील. मी विचारले, नेमके काय होते? सुरू कसे होते, किती वेळ चालते, मधल्या वेळात काय करायचे असते? एक जण म्हणाली, बाईचा दुसरा जन्म असतो तो. दुसरी म्हणाली, बाळाचे तोंड पाहिले की सगळे विसरशील. तिसरीने, बहुधा मी घाबरू नये म्हणून, विषय सांजोऱ्यांच्या सारणाकडे वळवला. आत्या तेवढी हसून म्हणाली, "कळ आली की कळेल."

मला त्या उत्तराचा राग आला होता. वीस-बावीस बाळंतपणांचा अनुभव माझ्यासमोर बसला होता आणि त्यातून मला उपयोगी पडेल असे एक वाक्य निघत नव्हते. रात्री पडल्या पडल्या मी त्या शब्दाशीच खेळत राहिले. आपल्या भाषेत 'कळ' या एवढ्याशा शब्दाला केवढी कामे आहेत : दिव्याची कळ, कुरापत म्हणून काढलेली कळ, पोटात आलेली कळ, आणि 'जरा कळ काढ' म्हणजे धीर धर, थोडे थांब. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो आणि कळेची कय. दुखण्याला आणि थांबण्याला एकच शब्द का असावा, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

तारीख आली आणि गेली. गर्भारपणाचे २८० दिवस हा केवळ अंदाज असतो आणि नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळे वीसात एखादेच, हे मी वाचले होते. पण ते रोज सकाळी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकीला समजावून सांगणे शक्य नव्हते. "अजून नाही का?" हा प्रश्न मी पाच दिवस ऐकला.

उन्हाळ्यात आमच्या गावात घराच्या आत सहसा कोणी झोपत नाही. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढायला मला मनाई असल्यामुळे आईने आणि मी अंगणातच बाजा टाकल्या होत्या. त्या दिवशी पारा ४४ अंशांवर गेला होता आणि रात्री दोन वाजताही ओट्याच्या फरशीतून ऊब येत होती. झोपेतच कमरेत काहीतरी आवळल्यासारखे झाले. ती आवळ कमरेच्या दोन्ही अंगांनी पुढे पोटावर आली, पोट हाताला नारळासारखे टणक लागले, आणि हे काय आहे असे मी स्वतःला विचारायच्या आत ते ओसरूनही गेले. मी डोळे उघडून वाट पाहत राहिले. काहीच नव्हते. ठणका नाही, दुखरेपणा नाही, मागे काही उरलेले नाही. शेजारच्या घरातल्या कूलरची घरघर, आणि हौदाजवळ कुत्रे पाणी पीत होते त्याचा चपचप आवाज. बावीस मिनिटांनी ती आवळ पुन्हा आली.

प्रसूतीच्या वेदनेची माझी कल्पना दाढदुखीवरून बेतलेली होती : एकदा सुरू झाली की वाढत जाणारी, बाळ बाहेर येईपर्यंत क्षणभरही न सोडणारी. सिनेमांतून आणि शेजारपाजारच्या कुजबुजीतून तीच कल्पना पक्की झाली होती. कळ थांबते, दर वेळी पूर्णपणे थांबते, आणि दोन कळांच्या मध्ये बाई जशीच्या तशी धडधाकट असते, तिला तहान लागते, हसू येते, डुलकीसुद्धा लागते, हे मला ओट्यावरच्या आठ-नऊ जणींपैकी एकीनेही सांगितले नव्हते.

तिसऱ्या कळेला मी आईला उठवले. मागचे पंधरा दिवस खोट्या कळा अधूनमधून येत होत्या, म्हणून तिने लगेच धावपळ केली नाही. तिने मला अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या, न्हाणीत नेऊन कमरेवर कोमट पाणी सोडले. खोट्या असतील तर एवढ्याने जातील, असे तिचे म्हणणे होते. त्या गेल्या नाहीत. मग तिने ओट्यावर झोपलेल्या अप्पांना हाक मारली आणि घड्याळ लावून बसायला सांगितले.

अप्पांनी गोठ्यातल्या किती तरी गायी-म्हशी स्वतःच्या हाताने सोडवल्या आहेत. पण लेकीच्या बाळंतपणाविषयी लेकीशी बोलायचे, हे त्यांच्या पिढीला जमणारे नाही. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, मोबाइलचा उजेड वहीवर धरला आणि ते बसून राहिले. कळ आली की मी आईचा हात दाबायचे, आई "हं" म्हणायची, आणि ओट्यावरून पेनाचा आवाज यायचा. एवढाच व्यवहार उजाडेपर्यंत चालला. एकदा बराच वेळ "हं" आले नाही, तेव्हा त्यांनी न वळताच विचारले, "झोपली का?" मी खरोखरच झोपले होते.

त्या पानावर शेवटची नोंद ८.५४ ची आहे. पुढे बाळ दोन महिन्यांचे झाल्यावर एका दुपारी मी त्या नोंदी मोजल्या. पावणेसात तासांत ३४ कळा. प्रत्येक सरासरी ४५ सेकंदांची धरली, तर सगळ्या मिळून साडेपंचवीस मिनिटे होतात. उरलेल्या सव्वासहा तासांहून अधिक वेळात मी चहा प्यायले, दोन केळी खाल्ली, केस विंचरून घट्ट वेणी घातली, नवऱ्याला फोन करून मिळेल त्या गाडीने निघायला सांगितले आणि आजीशी वाद घातला. वाद कशावरून झाला ते आठवते : दवाखान्यात न्यायच्या पिशवीत तिने विळा ठेवला होता, बाळंतिणीला दृष्ट लागू नये म्हणून. तो मी काढला. तिने तो पुन्हा ठेवला. शेवटी तो पिशवीतून दवाखान्यात गेलाच.

हे मधले अवकाश निसर्गाने आईवर दया म्हणून ठेवले असावेत, असे त्या पहाटे मला वाटले होते. नंतर वाचले तेव्हा कळले की ते आधी बाळासाठी असतात. गर्भाशय हा एक दणकट स्नायू आहे. तो आकसतो तेव्हा त्याच्या भिंतीतून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तेवढा वेळ बाळाला मिळणारा प्राणवायू कमी पडतो. स्नायू सैलावला की रक्त पुन्हा धावते आणि बाळ पुढच्या कळेसाठी शिदोरी बांधून घेते. कळेने गर्भपिशवीचे तोंड उघडते आणि कळ गेल्यावर बाळ दम घेते.

दहाच्या सुमारास चुलतभावाच्या गाडीतून आम्ही तालुक्याच्या गावी पोहोचलो. (वाटेतल्या गतिरोधकांविषयी एक स्वतंत्र लेख लिहिता येईल.) तपासणीत पिशवीचे तोंड ३ सेंटिमीटर उघडल्याचे निघाले, दहापर्यंत जायचे होते. नर्सबाई म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, वेळ लागेल, फिरत राहा. मग दुपारपर्यंत मी आणि आई दवाखान्याच्या बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. कळ आली की मी भिंतीला दोन्ही हात लावून वाकायचे आणि आई कमरेच्या माकडहाडापाशी तळहाताने दाब द्यायची. कळ गेली की पुन्हा चालायला लागायचे. त्या बोळातली फरशी मला आजही तोंडपाठ आहे. सातव्या ओळीतल्या एका फरशीला गुजरातच्या नकाशासारखी चीर होती.

त्या फेऱ्यांमध्येच आईने मला माझ्या जन्माची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती कधी निघाली नव्हती. मी तिच्या माहेरी, मागच्या खोलीत, सुईणीच्या हातून झाले. मी विचारले, खूप दुखले होते का? ती थोडा वेळ चालत राहिली आणि म्हणाली, दुखले तर असणारच, पण मला आठवते ते असे की कंदिलाच्या तापलेल्या काचेवर कोणाच्या तरी हाताचे पाणी उडाले, ती तडकली, आणि सुईण रागावून म्हणाली की आता मी काय अंधारात चाचपू का. मग मामा शेजारी कंदील मागायला धावला आणि सगळ्या हसत सुटल्या, मीसुद्धा. आजीला नंतर हेच विचारले तेव्हा तिला तिच्या पहिल्या खेपेचे एवढेच आठवत होते की त्याच रात्री म्हैस व्याली आणि घरात दोन्हीकडे गरम पाणी पुरेना. बायका सगळे विसरतात असे जे म्हणतात ते पूर्ण खरे नाही, असे मला आता वाटते. कळेच्या आत लक्षात ठेवायला कोणी शुद्धीवर नसते. कळांच्या मधले मात्र बारीकसारीक तपशिलांसह वर्षानुवर्षे टिकते. आखाजीच्या दिवशी मी विचारले दुखण्याबद्दल, आणि त्याची आठवण त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती. मी कंदिलाबद्दल विचारायला हवे होते.

प्रसूतीच्या खोलीशेजारच्या वॉर्डात माझ्या बाजूच्या खाटेवर तिसऱ्या खेपेची एक बाई होती. चोपड्याकडच्या खेड्यातून आली होती, वयाने माझ्याहून लहानच असावी. तिने मांडीवर फडके पसरून दादर ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला होता. कळ आली की ती घास खाली ठेवी, खाटेचा लोखंडी दांडा धरून खालच्या पट्टीत एक लांब सूर लावी, आणि कळ गेली की तोच घास उचलून तोंडात घाली. माझ्याकडे पाहून तिने अर्धी भाकरी पुढे केली. मी म्हटले, खायचे नाही म्हणून सांगितले आहे. ती म्हणाली, "कय उनी का वरडानं, गयी का खावानं." कळ आली की ओरडायचे, गेली की खायचे. मी भाकरी घेतली. प्रसूतीत अन्न बंद ठेवण्याची रीत जुनी आहे. ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागली तर पोटातले अन्न श्वासनलिकेत जाईल, या भीतीतून ती आली. धोका नसलेल्या बाईला खाऊ-पिऊ द्यावे असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालच्या शिफारशींत म्हटले आहे, ते मी पुढे वाचले. त्या बाईला शिफारशींची गरज नव्हती. तासाभराने तिला आत नेले आणि वीस मिनिटांत बाळ रडल्याचे ऐकू आले.

दुपारी दोनला मी ४ सेंटिमीटरवर होते. तीनला पाण्याची पिशवी फोडली. चारला हातात सलाइन लागले आणि त्यात कळा वाढवायचे औषध सोडले गेले. पुढच्या दोन तासांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझी तक्रार त्याच दोन तासांची आहे.

औषधाला माझा विरोध नाही. कळा मंदावतात, तेव्हा ते लागते आणि त्याने अनेकींची शस्त्रक्रिया टळते. परंतु ते का सोडत आहात, त्याने काय होईल, हे मला कोणी सांगितले नाही, आणि मला थांबायची तयारी आहे का, हेही विचारले नाही. तासाला १ सेंटिमीटर हा जुना ठोकताळा प्रत्येक बाईला लावू नये, खरा वेग बऱ्याचदा ५ सेंटिमीटरनंतर धरला जातो, हेही त्याच २०१८ च्या शिफारशींत आहे. मी अजून तेथे पोहोचलेही नव्हते. आईला दाराबाहेर ठेवण्यात आले, कारण दारावर नातेवाइकांना प्रवेश नसल्याची पाटी होती. प्रसूतीच्या वेळी बाईला हवी ती सोबत असू द्यावी, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि केंद्र सरकारने २०१७ साली सरकारी प्रसूतिगृहांसाठी सुरू केलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. आमचा दवाखाना खाजगी होता आणि पाटी पक्क्या रंगातली होती.

औषध सुरू झाल्यावर अर्ध्या तासात मधली जागा नाहीशी झाली. एक कळ उतरणीला लागते न लागते तोच दुसरी चढू लागे. पहाटेपासून मी ज्या आधारावर उभी होते तोच काढून घेतल्यासारखे झाले. त्याच सुमाराला वीज गेली. इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक दिवा राहिला. सकाळपासून डॉक्टरांशी, नर्सबाईंशी मी व्यवस्थित प्रमाण मराठीत बोलत होते, 'कळ साधारण पाच मिनिटांनी येते आहे' वगैरे. ती मराठी कोणत्या क्षणी सुटली ते मला सांगता येणार नाही. माझ्या तोंडून "माय वं" निघाले, आणि नंतर जे काही निघाले ते सगळे अहिराणीतच. आयुष्यभर मी आईला आई म्हणत आले आहे. माय म्हणणारी मी कोण, हा प्रश्न तेव्हा पडायला वेळ नव्हता.

एक नर्सबाई म्हणाल्या, "एवढे ओरडायला काय झाले? तू काय जगावेगळी बाळंत होते आहेस? जरा कळ काढ." त्यांची दिवसपाळी लांबली होती, उकाडा त्यांनाही तेवढाच होता, हे मला आज समजते. तरी ते वाक्य मी माफ केलेले नाही. कळ काढायला कळेच्या पलीकडे थोडी मोकळी जमीन दिसावी लागते, आणि ती त्यांनीच सलाइनमधून बुजवत आणली होती.

मग ठोके मोजणाऱ्या यंत्राचा आवाज बदलला. इतका वेळ घोड्याच्या दुडक्या चालीसारखा येणारा आवाज मध्येच रेंगाळायला लागला. मिनिटाला १४० च्या आसपास असलेले ठोके १०० पर्यंत उतरत होते आणि कळ गेल्यावरही लवकर वर येत नव्हते. डॉक्टर आल्या, त्यांनी घड्याळ धरले. दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येत असतील तर बाळाला दम घ्यायला वेळ मिळत नाही. माझ्या सहा येत होत्या. त्यांनी औषध बंद केले आणि मला डाव्या कुशीवर वळवले. पंधरा-वीस मिनिटांत ठोके पूर्ववत झाले. सिझरची तयारी करून ठेवा, असे त्यांनी हलक्या आवाजात सांगितलेले मी ऐकले होते. ती तयारी वापरावी लागली नाही. त्या बाईंचा मी अजूनही आदर करते, कारण चूक लक्षात येताच ती दुरुस्त करायला त्यांनी एक मिनिटही घालवले नाही.

पाळी बदलली आणि एक मावशी आली. फरशी पुसणारी, चादरी बदलणारी, पन्नाशीची, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. तिचे काम बादली ठेवून जाण्याचे होते. ती गेली नाही. तिने फडके ओले करून माझ्या मानेवर ठेवले आणि माझ्या पोटावर तळवा टेकवून उभी राहिली. औषध थांबले तरी कळा आता स्वतःच्या बळावर दोन-अडीच मिनिटांनी येत होत्या, आणि मी इतकी बिथरले होते की कळ गेली तरी ती गेल्याचे मला समजत नव्हते. मी पुढचीच्या धाकाने तशीच ताठ राही. मावशीचा हात पोट सैलावलेले बरोबर ओळखायचा. मग ती म्हणायची, "गयी. आते नही शे. डोया झाक." गेली. आता नाही. डोळे मिट.

तिने मला श्वासाचे तंत्र शिकवले नाही, धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, देवाचे नावही घेतले नाही. कळ आली हे मला सांगायला कोणी लागत नव्हते, ती गेली हे सांगणारे कोणी तरी हवे होते, आणि ते तिने तीन तास, दर कळेला, न कंटाळता सांगितले. त्या दीड-दोन मिनिटांत मी झोपत होते. मला स्वप्नसुद्धा पडले : निंबाचा झोका, आणि त्यावर कोणीच नाही. आठ सेंटिमीटरच्या पुढे अंग थडथडू लागले, ओकारी झाली, मला घरी जायचे आहे असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, जाऊ ना.

पावणेनऊला पूर्ण दहा झाले आणि दुखण्याची जातच बदलली. इतका वेळ कळ माझ्यावर येत होती. आता ती माझ्याकडून काम मागत होती. खाली जोर येतो म्हणतात तो असा की तो थोपवणे शिंक थोपवण्याइतकेच अवघड असते. भाजल्यासारखी आग झाली, थांब म्हणाल्या तेव्हा थांबले, हळू म्हणाल्या तेव्हा हळू जोर लावला, आणि एका कळेत डोके आणि पुढच्या कळेत सगळे बाळ, उन्हाळ्यातल्या ओल्या माशासारखे, निसटून बाहेर आले.

त्यानंतर एक जागा मोकळी गेली. बाळ आले होते आणि रडले नव्हते. मोजायला गेले तर चार-पाच सेकंद असतील. नर्सबाई पाठ पुसत होत्या, पंखा फिरत होता, मावशीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. दिवसभर मी जितके अवकाश ओलांडले त्यांत हा एकच असा होता की तो संपावा म्हणून माझा जीव टांगला होता. मग ती रडली, आणि डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहून वेळ सांगितली.

"मुलगी आहे," नर्सबाई म्हणाल्या आणि लगेच माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागल्या. ती नजर मला समजली. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. अशा मुलखात प्रसूतीच्या खोलीत काम करणाऱ्या बाईला हे वाक्य म्हटल्यावर आईच्या चेहऱ्याकडे पाहण्याची सवय लागली तर नवल नाही. मावशी म्हणाली, "लक्ष्मी उनी." हा शब्द एरवी मला समजूत घातल्यासारखा वाटतो, मुलगा झाला की कोणी 'कुबेर आला' म्हणत नाही. पण तिच्या तोंडून तो मी गोड मानून घेतला. नाळेची धडधड थांबेपर्यंत बाळ माझ्या छातीवर होते. वार पडली, टाके पडले, मांडीत सुई टोचली गेली. त्या सगळ्यातले मला फारसे आठवत नाही, आणि ते का आठवत नाही हे आता मला ठाऊक आहे.

नवरा रात्री अकराला पोहोचला. त्याने बाळाला घेतले ते दोन्ही हातांवर ताट धरल्यासारखे, आणि कोणी तरी परत घेईपर्यंत तो जागचा हलला नाही.

नंतरचे दिवस सगळ्यांचे असतात तसेच गेले. आजीने गुळाच्या पाण्याचे बोट चाटवायचा हट्ट धरला, मी चीकच पाजला. तिने ४४ अंशांत बाजेखाली शेगडी ठेवायचे म्हटले, तेव्हा आमची ओव्याच्या धुरीवर तडजोड झाली. पाचवीला तिने विळा पूजेत मांडला आणि माझ्याकडे पाहून हसली. आत्या आली, तिने बाळाला मांडीवर घेतले आणि मला विचारले, कळले का? मी तिला विचारले, तुझ्या पहिल्या खेपेला बाहेर काय चालले होते? ती जरा चमकली, आणि मग अर्धा तास सांगत बसली : पोळ्याचा दिवस होता, बैलांना रंगवत होते, आणि घाईत कोणी तरी रंगाचे हात तिच्या पांढऱ्या चादरीला पुसले होते.

अप्पांची वही परवा पुन्हा बघायला मिळाली. ८.५४ च्या खाली बोटभर जागा कोरी आहे, कारण दवाखान्याच्या बाहेर बसून त्यांना काही कळण्याचा मार्ग नव्हता. त्याखाली ९.४० असे लिहिले आहे आणि त्याच्यासमोर, वेचणीच्या हिशेबात लिहितात तसेच, २ किलो ८५० ग्रॅम. नाव तोपर्यंत ठेवलेले नव्हते, म्हणून नावाची जागा मोकळी आहे. पान उलटले की मृगाच्या तोंडावर आणलेल्या सरकीच्या पाकिटांचा भाव सुरू होतो.